लाईट आल्यावर कॅलेंडर सिंक होत नाही: रॅडिकाले, वायरगार्ड आणि मागे पडलेलं घड्याळ

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागचे काही होमस्टे खोल्यांच्या बुकिंगचं कॅलेंडर घरातल्याच एका छोट्या संगणकावर ठेवतात. त्यांची तक्रार दर पावसाळ्यात जवळपास त्याच शब्दांत येते: "लायट इली रे, पण कॅलेंडर येना नाय." घरातल्या वायफायवर असलेल्या फोनवर सगळं ठीक चालतं. मुंबईतला मुलगा, मालवणच्या बाजारात गेलेली काकी, कुडाळ स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेलेला भाचा, यांच्या फोनवर मात्र सकाळचीच बुकिंगं दिसत राहतात. कोणीतरी वैतागून कोपऱ्यातला तो छोटा संगणक, रास्पबेरी, बंद-चालू करतं, तरी ढिम्म. मग कधी वीस मिनिटांनी, कधी पाऊण तासाने ते आपलं आपण सुरू होतं आणि विषय मागे पडतो, तो परत लाईट जाईपर्यंत.

आपोआप सुरू होणारा बिघाड पकडायला सगळ्यात कठीण. माणूस मालवणहून देवबागला पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं, लॉगही दिसायला साफ असतात, आणि मग संशय रॅडिकालेवर, म्हणजे कॅलेंडर ठेवणाऱ्या प्रोग्रामवर, जातो, फोनवर जातो, नाहीतर इंटरनेटवाल्यावर जातो. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंमध्ये मी ज्या मांडण्या पाहिल्या त्यांत दोष बहुतेक वेळा यांतल्या कोणाचाच नव्हता. लाईट जाते तेव्हा रास्पबेरीचं घड्याळ मागे पडतं, आणि मागे पडलेलं घड्याळ घेऊन आलेल्याला वायरगार्ड, म्हणजे घर आणि बाहेरचा सर्व्हर यांना जोडणारी खासगी वाट (टनेल) बनवणारा प्रोग्राम, आत घेत नाही. याच एका गोष्टीवर पुढचं बरंचसं आहे.

गृहीत धरलेली मांडणी आधी सांगतो, म्हणजे तुमची वेगळी असेल तर कुठे ताडून पाहायचं ते कळेल. घरात रास्पबेरी पाय ३ किंवा ४, त्यावर रॅडिकाले, ५२३२ या नेहमीच्या पोर्टवर. खोलीगणिक एक कॅलेंडर, शिवाय घरच्यांचं एक. अँड्रॉइड फोनांवर डॅव्हएक्सफाइव्ह हे कॅलेंडर जुळवणारं ॲप, आयफोनवर त्याचीच स्वतःची कॅलडॅव्हची (सर्व्हरशी कॅलेंडर जुळवण्याच्या पद्धतीची) सोय. घरात फायबर आहे, पण स्वतःचा सार्वजनिक इंटरनेट पत्ता (आयपी) मिळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला आहे आणि राउटरवर पोर्ट कितीही फॉरवर्ड केलं तरी उपयोग नाही. म्हणून एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेतलेला असतो. त्याच्यावर एनजिनएक्स (आलेली विचारणा पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) आणि सर्टिफिकेट, आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा टनेल. फोन व्हीपीएसला विचारतो, व्हीपीएस टनेलमधून रास्पबेरीला विचारतो. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाकायची.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, फोनच्या ब्राउझरमध्ये कॅलेंडरचा पत्ता उघडा. डॅव्हएक्सफाइव्हची सूचना वाचत बसण्यापेक्षा यातून जास्त कळतं. पान मिनिटभर गोल गोल फिरून ५०४ ही त्रुटी दाखवत असेल, तर व्हीपीएस जिवंत आहे पण घरापर्यंत पोचत नाही. टनेल बंद आहे. एनजिनएक्स पुढच्या सर्व्हरशी जोडणी होण्यासाठी ६० सेकंद वाट पाहतो, ती ही मिनिटभराची घिरटी. लगेच, क्षणात ५०२ आला तर टनेल चालू आहे पण पलीकडे रॅडिकाले उठलेला नाही. पासवर्ड मागितला आणि दिल्यावर आत गेलात, तर सर्व्हर आणि वाट दोन्ही ठीक. त्या फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग डॅव्हएक्सफाइव्हला झोपवते आहे, ती बघा. पानच उघडलं नाही तर व्हीपीएसचं भाडं किंवा डोमेनची मुदत संपली का, ते पाहा.

लाईट गेल्यानंतरच्या तक्रारींत ५०४ सर्वांत जास्त भेटतो.

घड्याळाची गोष्ट

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या कुठल्याही मॉडेलवर सेलवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घेऊन जोडावा लागतो, आणि तो बहुतेकांनी जोडलेला नसतो. वीज गेली की त्याला वेळ कळत नाही. मग तो दोन आधार घेतो. इंटरनेट मिळालं की एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांकडून, खरी वेळ विचारतो. ते मिळेपर्यंत, शेवटची माहीत असलेली वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवलेली असते तिथून पुढे मोजायला लागतो. जुन्या रास्पबेरी ओएसवर हे काम फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा प्रोग्राम करतो, आणि तो वेळ लिहितो तासातून एकदा. नीट बंद केलं तर बंद होतानाही लिहितो, पण आपल्याकडे लाईट सांगून जात नाही.

आता वायरगार्ड. टनेल सुरू करताना जो पहिला निरोप जातो त्यात पाठवणाऱ्याची वेळ असते. व्हीपीएस प्रत्येक जोडीदाराची (टनेलच्या पलीकडच्या टोकाची) शेवटची पाहिलेली वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुनी वेळ घेऊन आलेला निरोप गुपचूप टाकून देतो. कोणी आधी पकडून ठेवलेला निरोप परत पाठवून फसवू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्याचं घड्याळ मागे गेलंय अशा आपल्या रास्पबेरीला ती चोर ठरवते. नाकारल्याचं उत्तरही जात नाही, त्यामुळे घरच्या बाजूला एकही त्रुटी दिसत नाही.

उदाहरण घेऊ. फेक-एचडब्ल्यूक्लॉकने दुपारी २:१७ ला वेळ लिहिली. ३:०५ ला वाऱ्याने माडाचं झावळ तारेवर पडलं आणि लाईट गेली. टनेलवर ये-जा चालू असेल तर वायरगार्ड दर दोन मिनिटांनी नवी किल्ली ठरवतो, म्हणजे व्हीपीएसच्या आठवणीत साधारण ३:०५ हीच शेवटची वेळ. लाईट ६:३० ला आली. रास्पबेरी उठतो आणि समजतो की २:१७ झालेत. तो टनेलसाठी हाका मारत राहतो, व्हीपीएस ऐकत नाही. रास्पबेरीचं घड्याळ ३:०५ च्या पुढे जायला ४८ मिनिटं लागतात, आणि ती गेली की टनेल आपोआप जुळतो. बाहेर ७:१८ झालेले असतात. टनेल जुळताच एनटीपी चालतं, घड्याळ उडी मारून खऱ्या वेळेवर येतं, आणि पुरावा नाहीसा होतो. कधी वीस मिनिटं आणि कधी पाऊण तास का लागतो, तेही यातच आलं: लाईट तासाच्या कुठल्या टप्प्यावर गेली यावर ते ठरतं. लाईट किती वेळ गेलेली होती याचा त्याच्याशी संबंध नाही. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, किनाऱ्यावर कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हाही हिशोब हाच लागू.

इथे कोणीही विचारेल की फायबर आलं म्हणजे इंटरनेट आलं, मग एनटीपी टनेलची वाट कशाला बघतं? कारण वायरगार्डच्या बहुतेक कॉन्फिग फाइली कुठून तरी उतरवलेल्या असतात आणि त्यांत अलाऊड आयपीजच्या (कुठल्या पत्त्यांसाठी टनेल वापरायचा त्या सेटिंगच्या) पुढे सगळे शून्य लिहिलेले असतात. त्याचा अर्थ, घरातून बाहेर जाणारी रास्पबेरीची प्रत्येक गोष्ट टनेलमधूनच जाणार, एनटीपीसुद्धा. टनेलला वेळ हवी, वेळेला टनेल हवा. डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची) ओळही त्याच फाइलीत असते आणि तिनेही तीच गाठ बसते. रास्पबेरीवरच पाय-होल आणि अनबाउंड (घरातच डीएनएस चालवणारे प्रोग्राम) चालवत असाल तर आणखी एक गाठ: डीएनएससेकच्या (डीएनएसचं उत्तर खरं असल्याच्या) सह्यांना मुदत असते, घड्याळ फार मागे असेल तर अनबाउंडला त्या सह्या अजून लागू न झालेल्या वाटतात, नाव सोडवलं जात नाही, आणि एनटीपी सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही.

खात्री कशी करायची? टनेल बंद असतानाच घरात जाऊन, किंवा घरातल्या कोणाच्या तरी लॅपटॉपवरून, रास्पबेरीवर डब्ल्यूजी शो ही आज्ञा द्या. पाठवलेले बाइट वाढताहेत, आलेले शून्यावर आहेत, आणि लेटेस्ट हँडशेकची (शेवटच्या जुळणीची) ओळच नाही, असं दिसलं की टाइमडेटसीटीएल द्या. तिथे सिस्टीम क्लॉक सिंक्रोनाइज्डच्या पुढे नो असेल आणि भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळत नसेल, तर निदान झालं. उशिरा पोचलात तरी जर्नलसीटीएलमध्ये या बूटच्या नोंदी पाहा: दुपारच्या नोंदी चालू असताना मध्येच संध्याकाळ होते, आणि त्या उडीच्या आसपास टाइमसिंकडीची (एनटीपीने वेळ जुळवणाऱ्या सेवेची) पहिल्यांदा वेळ जुळल्याची ओळ असते. साफ दिसणाऱ्या लॉगमध्ये हा एवढाच डाग राहतो.

आत्ता, या क्षणी चालू करायचं असेल तर

घरात कोणी असेल तर रास्पबेरीवर सुडो डेट करून हाताने वेळ घाला. टनेल काही सेकंदांत जुळतो. घरात कोणी नसेल, तर व्हीपीएसवर वायरगार्डचा इंटरफेस खाली घेऊन परत वर करा. त्याची आठवण पुसली जाते आणि मागे पडलेल्या रास्पबेरीलाही तो आत घेतो. त्या व्हीपीएसवरून दुसऱ्या घरांचेही टनेल जात असतील तर संपूर्ण इंटरफेसऐवजी तेवढाच जोडीदार काढून पुन्हा घाला.

रास्पबेरी बंद-चालू करून फायदा शून्य. उलट परत तीच २:१७ ची वेळ वाचली जाते आणि मोजणी नव्याने सुरू होते. फोनवरून "एकदा बंद करून चालू कर गो" असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कायमचा उपाय

पहिली दुरुस्ती फुकट आहे: रास्पबेरीच्या बाजूच्या फाइलीत अलाऊड आयपीजमध्ये टनेलचा आपला खासगी पट्टा तेवढा ठेवा, उदाहरणार्थ १०.८.०.०/२४, आणि डीएनएसची ओळ काढून टाका. कॅलेंडर बाहेर दिसण्यासाठी घरचं सगळं इंटरनेट व्हीपीएसमधून नेण्याची काहीच गरज नसते. एवढं केलं की फायबर येताच एनटीपी सरळ बाहेर जातं, घड्याळ जुळतं, मागोमाग टनेल. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (किती सेकंदांनी हाक मारत राहायची ते सेटिंग) २५ आहे ना तेही त्याच वेळी बघून घ्या, कारण अशा जोडणीत हाक फक्त घरच्या बाजूनेच जाऊ शकते. एंडपॉइंटमध्ये व्हीपीएसचं नाव लिहिलेलं असेल तर त्याजागी आकडी पत्ता घाला. फायबरचा डबा उठायला रास्पबेरीपेक्षा जास्त वेळ घेतो; नाव सोडवता आलं नाही की टनेल उभारणारं डब्ल्यूजी-क्विक थोडे प्रयत्न करून हार मानतं आणि मग टनेलचा इंटरफेसच तयार होत नाही. अशा वेळी डब्ल्यूजी शो अगदी कोरं येतं, ही त्याची वेगळी खूण.

बऱ्याच घरांना एवढं पुरतं. तरी मी सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल लावाच म्हणेन. पावसाळ्यात लाईट आली तरी फायबर तुटलेलं असतं, लोक फोनच्या हॉटस्पॉटवर रास्पबेरी जोडतात, तिथे एनटीपी कधी चालतं कधी नाही. डीएस३२३१ हे मॉड्यूल घ्या. सामान्य तापमानात त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. डीएस१३०७ स्वस्त मिळतं, पण ते पाच व्होल्टवर चालणारं आणि तापमानाबरोबर भरकटणारं; आपल्या मे महिन्यात नको. आयटूसी (मॉड्यूल रास्पबेरीला जोडायची वाट) सुरू करा, बूट कॉन्फिगमध्ये आय-टू-सी-आरटीसी ओव्हरलेच्या ओळीत डीएस३२३१ लिहा, आणि रीबूट करून आयटूसीडिटेक्ट चालवा. ६८ च्या जागी यूयू दिसलं की ड्रायव्हरने ते ताब्यात घेतलं. मग फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका. हे राहून जातं आणि मग खरं आणि खोटं घड्याळ भांडत बसतात. जुन्या ओएसवर एचडब्ल्यूक्लॉक-सेट नावाच्या यूडेव्ह स्क्रिप्टमध्ये सिस्टीमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) असेल तर बाहेर पड, अशा अर्थाच्या तीन ओळी असतात, त्याही बंद करा. शेवटी खरी वेळ आहे याची खात्री करून एचडब्ल्यूक्लॉकने ती मॉड्यूलमध्ये लिहा.

बाजारात जे निळं, जरा मोठं मॉड्यूल मिळतं त्यावर चार्ज होणाऱ्या सेलसाठी जोडणी केलेली असते. तुम्ही साधा सीआर२०३२ टाकणार असाल तर चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड किंवा रेझिस्टर काढा, आणि मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. साधा सेल चार्ज करायला गेलात तर तो फुगतो.

आणि खारी हवा. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात सेलच्या पितळी पट्टीवर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो. सेल भरलेला, मॉड्यूल ठीक, पण संपर्क गेलेला. मग घड्याळ २००० सालच्या १ जानेवारीपासून सुरू होतं आणि सगळे मॉड्यूललाच शिव्या घालतात. पट्टी खोडरबराने पुसा. डबा समुद्राकडच्या खिडकीत किंवा पडवीत ठेवू नका, आतल्या खोलीत राउटरशेजारी ठेवा; दोघांच्या उबेने ती जागा कोरडी राहते. हवाबंद डब्यात घालायचा मोह होतो. घालायचाच तर सिलिकाच्या पुड्या बदलत राहण्याची तयारी ठेवा, नाहीतर आतच घाम धरतो. मृग लागायच्या आधी कौलं शाकारताना किंवा ताडपत्री बांधताना हेही एकदा उघडून पाहावं.

ओव्हरलेचा सापळा

लाईट जाऊन कार्ड खराब होऊ नये म्हणून काहीजण रास्पबेरीचं फाइलींचं ओव्हरले (वरचं आय-टू-सी-आरटीसी ओव्हरले वेगळं) चालू करतात: कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत. कल्पना चांगली, मीही सुचवतो, कॅलेंडरचा डेटा वेगळ्या एसएसडीवर असेल तर. पण मग शेवटची वेळही कार्डावर लिहिली जात नाही. दर वेळी लाईट आली की रास्पबेरी ज्या दिवशी ओव्हरले चालू केलं त्या दिवशी जाऊन बसतो, मार्चमध्ये किंवा मागच्या दिवाळीत. मग आपोआप सुरू होणं नाही. इतक्या मागच्या घड्याळाला बाहेरच्या सर्व्हरांची सर्टिफिकेटंही अजून लागू न झालेली वाटतात, म्हणजे एपीटीपासून (प्रोग्राम उतरवण्यापासून) गिटपर्यंत (फाइलींच्या जुन्या प्रती ठेवण्यापर्यंत) सगळं अडतं. ओव्हरले हवं असेल तर डीएस३२३१ आधी, ओव्हरले नंतर.

लगेच ५०२ येत असेल तर

हा वेगळा बिघाड, पण येतो त्याच वेळी. रॅडिकालेच्या कॉन्फिगमध्ये होस्ट्सपुढे (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं त्या सेटिंगपुढे) टनेलचा पत्ता लिहिलेला असतो, आणि बूट होताना रॅडिकाले टनेलच्या आधी उठतो. तो पत्ता त्या क्षणी मशीनवर नसतोच, म्हणून रॅडिकाले मरतो. पुढे टनेल आला तरी त्याला कोणी उठवत नाही. घरातूनही कॅलेंडर दिसत नसेल तर हेच. सर्व पत्त्यांवर ऐकायला लावा आणि फायरवॉलने घर व टनेल एवढंच मोकळं ठेवा, किंवा सिस्टीमडीच्या फाइलीत रॅडिकालेला वायरगार्डनंतर उठायला सांगा आणि पडल्यास परत उठायला लावा. मी दोन्ही करतो.

मधल्या वेळात लिहिलेल्या नोंदींचं काय

टनेल बंद असताना लोक फोनवर बुकिंग लिहीतच असतात. त्या नोंदी फोनमध्ये थांबतात आणि वाट मोकळी झाली की वर जातात. म्हणून एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: सिंक होत नाही म्हणून डॅव्हएक्सफाइव्हमधलं अकाउंट काढून परत घालायचं नाही. अकाउंट काढलं की वर न गेलेल्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान होतं ते इथे, आणि ते घड्याळामुळे नाही, घाईमुळे होतं.

एकच नोंद दोघांनी दोन फोनांवर बदलली, तर डॅव्हएक्सफाइव्ह सर्व्हरवरची खरी मानतो. उशिरा पोचलेल्याचा बदल जातो. पण दोघांनी एकाच खोलीसाठी दोन नव्या नोंदी केल्या असतील तर दोन्ही वर जातात आणि शेजारी शेजारी बसतात. कॅलडॅव्हला खोली भरल्याचं कळत नाही, ते बुकिंगचं सॉफ्टवेअर नव्हे. लांबलेल्या अंधारानंतर टनेल जुळला की एकाने बसून पुढच्या पंधरवड्याच्या खोल्या डोळ्यांनी तपासाव्यात, आणि पाहुण्यांना होकाराचा फोन त्यानंतर करावा.

अचानक वीज गेल्याने एखादी आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदीची) फाइल रिकामी राहू शकते. रॅडिकाले प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे एकच बिघडते, पण तेवढ्याने एखादं कॅलेंडर अडू शकतं. रॅडिकालेची सेवा थांबवून व्हेरिफाय-स्टोरेज या पर्यायासह चालवलं की बिघडलेल्या फाइलीचं नाव मिळतं. डॉट रॅडिकाले कॅशचं फोल्डर पुसलं तरी काही जात नाही, ते परत तयार होतं. स्टोरेजच्या हुकमध्ये (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) गिट लावून ठेवलं असेल तर कालची फाइल तिथून उचलता येते. नसेल तर आजच लावा.

एक तक्रार मात्र यात मिसळू नका. "गणपतीक खोल्यो बंद ठेवलेल्, त्यो भलत्याच दिवशी दिसतत." ही नोंद दरवर्षी अशी पुनरावृत्ती लावून केलेली असते. ती इंग्रजी तारखेने फिरते आणि चतुर्थी फिरते तिथीने: २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. नारळी पौर्णिमा, शिमगा, गावची जत्रा, सगळ्यांचं तेच. सर्व्हर, घड्याळ, टनेल यांत काही बिघडलेलं नसतं. पुनरावृत्ती काढा आणि पंचांग समोर ठेवून वर्षावर्षाच्या नोंदी हाताने करा.

दुरुस्ती झाली की ती मे महिन्यातच, पाहुण्यांच्या गर्दीतून एखादी दुपार काढून तपासा. रास्पबेरीची वायर नीट बंद न करता सरळ उपटा. फायबरचा डबाही बंद करा. चहा वगैरे होऊ द्या. मग फायबर बंदच ठेवून नुसता रास्पबेरी चालू करा आणि डेट ही आज्ञा द्या: मॉड्यूल लावलं असेल तर इंटरनेट नसतानाही वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली पाहिजे. आता फायबर लावा, अंगणात जाऊन मोबाइल डेटावर फोनमध्ये एक खोटं बुकिंग लिहा, आणि ते घरातल्या दुसऱ्या फोनवर येतं का बघा. आलं की ते खोडायला विसरू नका.